ऑर्डर बाय एक जून

"मराठी विभागासाठी काहीतरी लिहून दे," असं मॅगझिनच्या एडिटरने सांगितलं तेव्हा मी आधी हसलेच. केजीपासून दहावीपर्यंत कॉन्व्हेंट, मराठी आमची थर्ड लँग्वेज, आणि अजूनही कोणी 'एकोणसत्तर' म्हटलं की मला दोन सेकंद थांबून विचार करावा लागतो. तरीपण हा लेख मराठीतच लिहायचा असं मी ठरवलं. कारण ज्यांच्यामुळे तो सुचला, ते मॅगझिन हातात आलं की फक्त मराठीचीच पानं वाचतात. तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका एडिटरच्या नावावर, बाकीच्या माझ्या!

विषय ऐकून कृपया पान उलटू नका. विषय आहे डेटाबेसमधल्या तारखा क्रमाने लावणं. म्हणजे एसक्यूएलच्या क्वेरीत सगळ्यात शेवटी जी ओळ येते, 'ऑर्डर बाय', ती. जर्नलमध्ये ह्या ओळीला अर्धं पान आणि ओरलला एक प्रश्न, एवढीच तिची लायकी असं मलाही वाटायचं. आता वाटत नाही.

झालं असं की डीबीएमएसच्या मिनी प्रोजेक्टसाठी सरांनी आमच्या ग्रुपला एक काम दिलं. डिपार्टमेंटच्या नोटीस बोर्डावर सगळ्यांच्या वाढदिवसांची यादी लावायची. सगळ्यांच्या म्हणजे टीचिंग, नॉन-टीचिंग, लॅबमधले, ऑफिसमधले, शिपाई, सगळे. ऑफिसने नावं आणि जन्मतारखा लिहिलेली एक जुनी वही दिली. आम्ही तिघांनी ती मायएसक्यूएलमध्ये भरली. चौऱ्याऐंशी ओळी. पाच मिनिटांचं काम, मग कँटीन, असा प्लॅन.

पहिला प्रयत्न माझा. जन्मतारखेच्या कॉलमवर सरळ ऑर्डर बाय लावला, प्रिंट काढली, बोर्डावर डकवली. लंचच्या आत ती यादी खाली आली! कारण पूर्ण तारखेवर क्रम लावला की कॉम्प्युटर आधी वर्ष बघतो, वर्ष सारखं असेल तर महिना, तोही सारखा असेल तर दिवस. म्हणजे आम्ही वाढदिवसांची यादी लावलीच नव्हती, आम्ही अख्ख्या डिपार्टमेंटला वयानुसार रांगेत उभं केलं होतं. एका मॅडमनी फक्त एवढंच विचारलं, "मी ह्यांच्यावर कशी?" त्या 'कशी'तला सूर ज्यांनी ऐकला त्यांनाच कळेल.

त्यातच एक वेगळी गंमत. वहीत काही ठिकाणी वर्षाचे दोनच आकडे होते आणि आम्ही ते तसेच भरले होते. दोन आकडी वर्षांसाठी मायएसक्यूएलचा नियम ठरलेला आहे : ७० ते ९९ म्हणजे १९७० ते १९९९, आणि ०० ते ६९ म्हणजे २००० ते २०६९. व्हिजिटिंगला येणारे एक वयस्कर सर ५८ सालचे. आमच्या यादीप्रमाणे ते २०५८ मध्ये जन्माला येणार होते! सगळ्यात मोठे सर यादीत सगळ्यात धाकटे. त्यांनी मात्र ते फारच खेळीमेळीने घेतलं.

दुसरा प्रयत्न माझ्या पार्टनरचा. त्याने तारखेतून महिन्याचं नाव काढलं आणि त्याच्यावर क्रम लावला. यादी सुरू झाली एप्रिलपासून. मग ऑगस्ट, मग डिसेंबर, मग फेब्रुवारी. हे कसलं कॅलेंडर? साधं आहे. नाव म्हणजे अक्षरं, आणि अक्षरं आली की क्रम डिक्शनरीचा. इंग्लिश स्पेलिंगने एप्रिल पहिला येतो. मी कुतूहल म्हणून मराठी नावांनीही लावून बघितलं : एप्रिल, ऑक्टोबर, ऑगस्ट, जानेवारी, जुलै, जून... तिथेही एप्रिलच पहिला! ऑफिसमधल्या अकाउंट्सवाल्यांनी वरची पहिली ओळ बघून मान डोलावली. त्यांचं वर्ष एप्रिललाच सुरू होतं ना.

तिसऱ्यांदा मी हुशारी केली. मायएसक्यूएलमध्ये 'डे ऑफ इयर' नावाचं फंक्शन आहे, ते तारीख वर्षातला कितवा दिवस आहे ते सांगतं. १ जानेवारी म्हणजे १, ३१ डिसेंबर म्हणजे ३६५. वर्ष गळून पडलं, एकच आकडा उरला, त्याच्यावर क्रम. किती सोप्पं! पण लीप वर्ष मी विसरले. साध्या वर्षात ६० वा दिवस म्हणजे १ मार्च. लीप वर्षात ६० वा दिवस म्हणजे २९ फेब्रुवारी, आणि १ मार्च होतो ६१ वा. त्यामुळे १ मार्च १९८४ ला जन्मलेले आणि २ मार्च १९८५ ला जन्मलेले दोघंही ६१ व्या दिवशी एकत्र येतात. पुढे डिसेंबरपर्यंत हा एका दिवसाचा घोळ चालूच राहतो. गंमत म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत सगळं बरोबर दिसतं. टेस्टिंग आम्ही वरच्या दहा ओळींचंच केलं होतं, हे सांगायला नकोच.

शेवटी जे करायचं होतं ते असं : तारखेतून महिन्याचा आकडा काढा, दिवसाचा आकडा काढा, ऑर्डर बाय आधी महिना, मग दिवस, आणि दोघांचं सारखं आलं तर नाव. वर्षाला हातच लावायचा नाही. मायएसक्यूएलमध्ये ह्यासाठी 'मंथ' आणि 'डे' ही फंक्शन आहेत, ओरॅकल आणि पोस्टग्रेसमध्ये 'एक्स्ट्रॅक्ट' आहे. २९ फेब्रुवारीवाले सर आपोआप २८ फेब्रुवारी आणि १ मार्चच्या मध्ये जाऊन बसले. एका ओळीचं उत्तर, पण त्याला आम्हाला चार दिवस लागले.

मित्रांनो, ह्या चार दिवसांत मला जे कळलं ते जर्नलमध्ये नव्हतं. ऑर्डर बाय म्हणजे सजावट नाही, तो प्रश्न आहे. रिलेशनल मॉडेल मांडणाऱ्या कॉड साहेबांनी १९७० च्या पेपरमध्येच सांगून ठेवलंय की टेबलातल्या ओळींना स्वतःचा क्रम नसतो. म्हणजे क्रम आपण आणतो. आणि तारीख ही अशी चीज आहे की तिच्या पोटात तीन आकडे आहेत. त्यातला कुठला आधी बघायचा आणि कुठला बघायचाच नाही हे तिला विचारून कळत नाही. ते आपल्याला काय हवंय ह्यावरून ठरतं. कोण मोठं, हे विचारायचं असेल तर वर्ष आधी. केक कधी, हे विचारायचं असेल तर वर्ष बाद. पगारपत्रक लावायचं असेल तर एप्रिल पहिला यायला हवा; मग महिन्याच्या आकड्यात ८ मिळवा, १२ ने भागा, आणि जी बाकी उरेल तिच्यावर क्रम लावा. एप्रिलची बाकी शून्य, मार्चची अकरा. शाळेसारखं जूनपासून वर्ष हवं असेल तर ८ च्या जागी ६. 'आजपासून पुढे कोणाचे वाढदिवस' असं विचारायचं असेल तर डिसेंबरमध्ये जानेवारीवाले खाली ढकलले जायला नकोत, ते वर फेकले जाऊन उपयोग नाही; म्हणून आधी 'ह्या वर्षी होऊन गेला का' ह्यावर क्रम, मग महिना, मग दिवस. डेटा तोच. प्रश्न बदलला की रांग बदलते.

आणि अजून एक. तारीख तारखेच्याच टाइपमध्ये ठेवा, टेक्स्टमध्ये नको. आपण लिहितो तशी, आधी दिवस मग महिना मग वर्ष, अशी तारीख टेक्स्ट म्हणून ठेवली तर ०१/१२/१९९० हे ०२/०१/१९७५ च्या आधी येतं, कारण कॉम्प्युटर डावीकडून एकेक अक्षर वाचतो. टेक्स्टच ठेवायचं असेल तर आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, आणि प्रत्येक ठिकाणी शून्य भरून. आयएसओ ८६०१ ह्या १९८८ च्या स्टँडर्डमध्ये हीच पद्धत आहे. तशी लिहिलेली तारीख अक्षरांच्या क्रमाने लावली तरी बरोबर लागते.

इथवर हा लेख टेक्निकल विभागात गेला असता. मराठीत का आला, ते आता.

बरोबर यादी तयार झाल्यावर मी ती वरून खाली वाचत होते. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च... कुठे तीन, कुठे पाच. मे संपला आणि अचानक एक अख्खा ठोकळा आला. १ जून, १ जून, १ जून, १ जून. एका दिवशी सतरा जण! मला वाटलं क्वेरी फुटली. मग वाटलं आमच्यापैकी कोणीतरी डीफॉल्ट व्हॅल्यू टाकली असणार. ऑफिसची वही उघडून बघितली. तिथेही निळ्या शाईत, वेगवेगळ्या हस्ताक्षरांत, १/६, १/६, १/६.

माझ्या पार्टनरला मी हे दाखवलं तर तो हसायला लागला. "अगं, माझ्या बाबांचा पण एक जूनच आहे. तुला खरंच माहीत नाही?" मला खरंच माहीत नव्हतं. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये ज्याचा वाढदिवस तो युनिफॉर्म न घालता कलर ड्रेस घालून यायचा, असेंब्लीत उभा राहायचा आणि वर्गात चॉकलेट वाटायचा. प्रत्येकाला एकेक दिवस. माझ्यासाठी वाढदिवस ही हाताच्या बोटांसारखी गोष्ट होती, सगळ्यांना असतेच. अर्ध्या महाराष्ट्राच्या मागच्या पिढीचा वाढदिवस शाळेत नाव घालताना गुरुजींनी ठरवलाय, हे मला वयाच्या विसाव्या वर्षी एका ऑर्डर बायमुळे कळलं. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची. पोरगं सहा वर्षांचं भरायला पाहिजे. आई-बापाला तारीख सांगता येत नाही. मग काय, लिहा एक जून!

त्या सतरा नावांमध्ये आमच्या लॅबमधले काका होते. ज्यांनी सबमिशनच्या आदल्या दिवशी संध्याकाळी सहानंतर लॅब उघडी ठेवून आमच्या किती बॅचेस वाचवल्या असतील त्याची गणतीच नाही. मी त्यांना म्हटलं, "काका, तुमचा वाढदिवस एक जूनला ना? आम्ही कधी विशच केलं नाही."

"कसं करणार? तवा सुट्टी असती तुम्हाला," काका म्हणाले. "आन् तो माझा कुठं हाय? तो शाळेचा."

"मग तुमचा खरा कधी?"

"पोळ्याच्या आदल्या दिवशी. बहात्तरच्या दुष्काळातला. आई सांगायची, बैल विकून टाकले होते, दारात पोळा नव्हता, आन् तू आलास."

काका मूळचे माण तालुक्यातले. त्यांचे आई-वडील खडी फोडायला जायचे, घरी लहान मूल सांभाळायला कोणी नव्हतं, म्हणून १९७७ च्या जूनमध्ये काकांना शाळेत बसवलं. गुरुजींनी नाव घेतलं, सहा वर्षं मागे मोजली आणि लिहिलं, १ जून १९७१. त्यात गुरुजींचं काही वाईट नव्हतं. उलट त्यांनी पोराला शाळेत घेतलं. पण मी घरी जाऊन १९७२ चा पोळा शोधला. श्रावणातली अमावास्या त्या वर्षी सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात होती. म्हणजे काका कागदावर आहेत त्यापेक्षा सव्वा वर्षाने लहान आहेत.

आता तुम्ही म्हणाल, त्याने काय बिघडलं? केक थोडा इकडे-तिकडे. मलाही तसंच वाटलं होतं. मग सरांनी प्रोजेक्टचा दुसरा भाग दिला : निवृत्तीची यादी.

सरकारी नियम असा आहे की वय पूर्ण होतं त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी माणूस निवृत्त होतो. पण ज्याची जन्मतारीख महिन्याची १ असते तो आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशीच जातो. म्हणजे इथे वर्ष लागतं, महिना लागतो, आणि दिवसाबद्दल फक्त एकच प्रश्न : १ आहे का? क्वेरीत हे फार सुंदर बसतं. जन्मतारखेतून एक दिवस वजा करा, वर्षं मिळवा, आणि 'लास्ट डे' फंक्शनने महिन्याचा शेवट काढा. एक तारीखवाले आपोआप मागच्या महिन्यात सरकतात, बाकीचे जागेवर राहतात. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं. एंटर दाबलं. आणि १ जूनचा तो अख्खा ठोकळा एकेका वर्षाच्या ३१ मेला जाऊन पडला.

काकांच्या वर्गाला आजच्या नियमाने साठाव्या वर्षी निवृत्ती. कागदाप्रमाणे ते ३१ मे २०३१ ला जाणार. खऱ्या तारखेप्रमाणे गेले असते ३० सप्टेंबर २०३२ ला. मधले सोळा महिने. सोळा पगार. त्यांचा धाकटा मुलगा अजून शाळेत आहे. माझ्या क्वेरीने कुठलीही चूक केली नव्हती, आउटपुट शंभर टक्के बरोबर होतं. आणि तेच मला खूप वेळ खुपत राहिलं.

दुरुस्ती करता येत नाही का, हे मी विचारलं. सरकारी नोकरीत जन्मतारीख बदलायची असेल तर नोकरी लागल्यापासून पाच वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो, आणि पुरावा लागतो. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा, काका १९७२ चे. पण दुष्काळी कामावर असलेली बाई बाळाची नोंद करायला जाणार कधी? पुरावा म्हणजे आईचं वाक्य. आई आता नाही. काका म्हणाले, "जाऊ दे गं. कागद म्हणतो तेच खरं."

इथे माझं म्हणणं सुरू होतं, आणि ते आपल्याबद्दल आहे. गुरुजींबद्दल नाही.

गुरुजींपुढे एक रकाना होता आणि तो रिकामा ठेवायची परवानगी नव्हती. म्हणून त्यांनी तो भरला. आज तो रकाना कोण बनवतं? आपण. फॉर्मवर जन्मतारखेच्या पुढे लाल चांदणी कोण लावतं? आपण. ज्याला फक्त साल माहीत आहे त्याला 'दिवस आणि महिना निवडा, नाहीतर पुढे जाता येणार नाही' असं कोण सांगतं? आपणच. मग तो बिचारा पहिला पर्याय निवडतो, १ जानेवारी, आणि पुढच्या पिढीचा नवीन ठोकळा तयार होतो. आजचे गुरुजी आपण आहोत, फक्त आपण माणसाचा चेहराही बघत नाही.

ह्यावर उपाय नाही असं अजिबात नाही. आधार कार्ड बघा, काही जणांच्या कार्डावर पूर्ण तारीख नसून नुसतं जन्मवर्ष छापलेलं असतं. म्हणजे 'एवढंच माहीत आहे' असं लिहायची सोय करता येते. मायएसक्यूएलमध्येसुद्धा महिना आणि दिवस शून्य ठेवून तारीख साठवता येते. ज्याची जन्मतारीख पूर्ण माहीत नाही त्याच्यासाठीच ती सोय आहे. आता स्ट्रिक्ट मोडमध्ये ती सुरुवातीपासून बंद असते, ते सोडा. त्याहून चांगलं म्हणजे वर्ष, महिना, दिवस असे तीन कॉलम करा, माहीत नसेल तिथे नल ठेवा, आणि चौथ्या कॉलममध्ये लिहा की ही तारीख कोणी सांगितली : जन्मदाखला, शाळा, का घरचे. लाखो ओळी असतील तर ह्या वेगळ्या कॉलमचा एक फायदा अजून. तारखेवर फंक्शन लावलं की तिच्यावरचा साधा इंडेक्स कामाला येत नाही; महिन्याच्या कॉलमला स्वतःचा इंडेक्स देता येतो.

मग ऑर्डर बाय करताना प्रश्न येतोच, की ज्याचा दिवस माहीत नाही तो रांगेत कुठे उभा राहणार? चढत्या क्रमात मायएसक्यूएल नलवाल्यांना सगळ्यात वर टाकतं, ओरॅकल आणि पोस्टग्रेस सगळ्यात खाली. म्हणजे तिथेही मशीनला उत्तर माहीत नाही, प्रत्येकाने आपलं एकेक ठरवून टाकलंय. ते आपण ठरवायला पाहिजे, विचार करून.

काही जण म्हणतील, हा प्रश्न आता आपोआप संपतोय. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मणाऱ्या मुलांसाठी जन्मदाखला हाच जन्मतारखेचा पुरावा धरायचा, असा कायदा झालाय. मान्य. पण जे त्याच्या आधी जन्मले ते अजून कित्येक वर्षं आपल्या टेबलांमध्ये राहणार आहेत. पेन्शन, विमा, सीनियर सिटिझनची सवलत, प्रत्येक ठिकाणी कोणीतरी त्यांना तारखेने रांगेत लावणार आहे. ते कोणीतरी म्हणजे पुढच्या वर्षी कँपस प्लेसमेंट झालेले तुम्ही-आम्ही.

म्हणून माझ्या दोन मागण्या. पहिली आपल्या सिलॅबसला. जर्नलमध्ये वर्षानुवर्षं तेच एम्प टेबल आणि तोच पगाराचा उतरता क्रम. त्याच टेबलात नोकरीला लागल्याच्या तारखेचा कॉलम डोळ्यांसमोर आहे, त्याच्यावर एक प्रॅक्टिकल ठेवा. एकाच कॉलमवरून चार याद्या काढायला लावा आणि प्रत्येक यादीखाली मुलांना एक वाक्य लिहायला लावा : ही यादी कुठल्या प्रश्नाचं उत्तर आहे? ते वाक्य ज्याला लिहिता आलं नाही त्याची क्वेरी चालली तरी मार्क देऊ नका. (हे वाचून बॅचमेट्स मला मारणार आहेत, ठाऊक आहे.)

दुसरी मागणी आपल्याला. आउटपुटमध्ये असा ठोकळा दिसला, की खूप माणसं एकाच तारखेला, एकाच पिन कोडला, एकाच आडनावाला उभी आहेत, तर लगेच 'बॅड डेटा' म्हणून पुढे जाऊ नका. मीही तेच करणार होते. खाली जाऊन विचारा. बहुतेक वेळा तिथे कोणीतरी असतं ज्याला कधी कोणी विचारलेलंच नसतं.

आता यादीचं पुढे काय झालं ते सांगते. काकांना मी म्हटलं, तुमचा वाढदिवस पोळ्याच्या आदल्या दिवशी टाकते. पण टाकायचा कसा? पोळा तिथीने, तिथी चंद्राने, आणि मध्ये अधिक महिना आला की ऑगस्टचा सप्टेंबर होतो. शिवजयंती तारखेने की तिथीने, ह्यावर आपल्याकडे जो वाद होतो तो मला तेव्हा पहिल्यांदा नीट समजला. 'मंथ' आणि 'डे' ही फंक्शन इथे काही करू शकत नाहीत. पंचांगाचं वेगळं टेबल लागेल, दरवर्षी भरावं लागेल. आमच्या सबमिशनला तेव्हा दोन दिवस उरले होते.

शेवटी यादी प्रिंट केली. आधी महिना, मग दिवस, मग नाव, एकदम बरोबर क्रमाने. एक जूनचा ठोकळा तसाच ठेवला, कारण ऑफिसचं रेकॉर्ड तेच आहे आणि ते बदलायचा अधिकार आम्हाला नाही. पण पानाच्या तळाशी थोडी जागा होती. तिथे मी निळ्या पेनाने काकांचं नाव लिहिलं आणि पुढे लिहिलं, 'पोळ्याच्या आदल्या दिवशी'. दुसऱ्या दिवशी बघते तर त्याखाली अजून दोन हस्ताक्षरं. एका मावशींचं 'नागपंचमी', आणि ऑफिसमधल्या शिपाईकाकांचं 'भाताची लावणी चालू होती तेव्हा'.

एक्स्टर्नलनी विचारलं, हे खाली पेनाने काय लिहिलंय? सरांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "सर, ह्या ओळी ऑर्डर बायमध्ये बसत नाहीत." त्यांनी वाचलं, थोडा वेळ काही बोलले नाहीत, आणि मग विचारलं, नॉर्मलायझेशन कुठल्या फॉर्मपर्यंत केलंय.

ते मला आलं नाही. पण ते असो.